किलोमागे आठशे

माझा स्वभाव संशयी आहे हे मी कधी लपवलेलं नाही. घरी गॅसचा सिलिंडर आला की आणणाऱ्याला मी तो आधी काट्यावर ठेवायला लावते. दूधवाल्याच्या मापात बोट घालून बघते. रोह्याच्या स्टँडवर कंडक्टर म्हणाला की गाडी पाच मिनिटांत सुटेल, तर मी खाली उतरून चहा पिऊन येते, आणि आजवर एकदाही गाडी चुकलेली नाही. माझा नवरा धाटावच्या कंपनीत शिफ्टला जातो. तो म्हणतो, हिला देव प्रसन्न झाला तरी ही आधी चार ठिकाणचा नमुना मागेल. त्याचं म्हणणं फार खोटं नाही.

त्यात मी शिकवते संख्याशास्त्र. म्हणजे संशय घेण्याचा मला पगार मिळतो. कोणी म्हणालं की अमुक गोष्टीची सरासरी एवढी आहे, तर ते मान्य करण्याआधी थोडा नमुना काढायचा, तो मोजायचा, आणि दिसलेला फरक नुसत्या योगायोगाने पडू शकतो का ते ताडून बघायचं. रोह्याच्या ज्युनियर कॉलेजात वर्षानुवर्षं मी हेच सांगत आले आहे. मुलं ते परीक्षेपुरतं ऐकतात आणि विसरतात.

मागच्या मे महिन्यात पेणहून माझ्या वहिनीचा फोन आला. माझं माहेर पेणचं. मोठा भाऊ बाप्पाच्या मूर्ती रंगवतो, आणि वहिनी गल्लीतल्या बायकांना घेऊन पापडाचा गट चालवते. पद्धत साधी आहे. सकाळी प्रत्येक बाई वहिनीच्या पडवीत येते, उडदाचं भिजवलेलं किलोभर पीठ वजन करून घेऊन जाते, घरी पापड लाटते, उन्हात वाळवते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाळलेल्या पापडांचं गाठोडं परत आणते. वाळताना पाणी उडतं, म्हणून वजन घटतं. किलोभर पिठामागे सरासरी आठशे ग्रॅम पापड परत यायला पाहिजेत, असा वहिनीचा ठराव. मुंबईच्या व्यापाऱ्यालाही तिने हाच आकडा सांगितलेला. एखाद दिवशी थोडं कमी, एखाद दिवशी थोडं जास्त, ते चालायचं.

"वन्सं, तुमी ते सरासरीचं शिकवता ना," वहिनी फोनवर म्हणाली. "एका बाईचं बघून द्या. तिचं आठशे कधी भरतच नाय. सगळ्या माझ्या तोंडाकडं बघतात. मी बोलले तर भांडण होईल, तुमी हिशेब केलात तर कोण काय बोलणार?"

ही बाई मला तोंडओळखीने ठाऊक होती. माहेर-सासर दोन्ही मिठागरातलं, आता पेणच्या टोकाला, खाडीकडे जाणाऱ्या वाटेवर घर. गटातल्या बाकीच्या तिला खाडीवाली म्हणत. चाळिशीची, अंगाने काटक, बोलायला फटकळ. गटात येऊन तिला दोनच वर्षं झालेली, त्यामुळे बाकीच्यांच्या नातेगोत्यात ती कुठेच बसत नव्हती. पीठ कमी पडतंय म्हणजे ती ते ठेवून घेते, स्वतःचे वेगळे पापड करून विकते, असं गल्लीत बोललं जात होतं. तसं ठरलं तर तिचं काम जाणार होतं, आणि पेणसारख्या गावात चोर म्हणून काम गेलेल्या बाईला दुसरीकडेही कोणी उभं करत नाही. हे वहिनीलाही माहीत होतं आणि मलाही.

कॉलेजला सुट्टी होतीच. सकाळच्या गाडीने मी पेणला गेले.

पहिला संशय मी काट्यावर घेतला. येताना रोह्याच्या वाण्याकडून किलोचं लोखंडी वजन मागून आणलं होतं. ते वहिनीच्या इलेक्ट्रिक काट्यावर ठेवलं. काटा खरा निघाला. वहिनीच्या कपाळावर आठी पडली. दुसरा संशय खुद्द वहिनीवर. खाडीवालीला पीठ देतानाच कमी देत असेल तर? म्हणून सकाळचं पीठ घालताना मी शेजारी उभी राहिले. पीठ बरोबर होतं. मग उरली ती बाई.

मी तिथे राहिले आणि रोज सकाळी तिचं गाठोडं स्वतः काट्यावर ठेवलं. एका दिवसाच्या आकड्यावरून कोणाला बोल लावायचा नाही, हे पथ्य मी पाळलं. ढगाळ दिवस असतो, पीठ सैल भिजलेलं असतं, हात दुखत असतो. नमुना पुरेसा पाहिजे. खाडीवाली रोज यायची, गाठोडं ठेवायची, आणि मी आकडा बघत असताना माझ्याकडे बघत राहायची. पहिल्या दिवशी तिने विचारलं, "ताई, तू कॉलेजात शिकवतेस ना? मंग इथं काय करतेस?"

"सुट्टी आहे," मी म्हटलं.

"सुट्टीत माझंच वजन करतेस व्हय," ती म्हणाली आणि पीठ घेऊन गेली.

तिचे आकडे चांगलेच वर-खाली होते. कधी सातशे ऐंशीच्या वर जायचे, कधी सातशे तीसलाही लागायचे. दोन आठवडे झाल्यावर मी ओटीवर बसून कागदावर हिशेब केला. सरासरी आली सातशे साठच्या आसपास. आता ठरावातल्या आठशेपेक्षा ही चाळीसने कमी, पण नुसतं कमी असून भागत नाही. आकडे मुळात किती इकडेतिकडे होतात ते बघायचं, आपण किती वेळा मोजलं ते धरायचं, आणि विचारायचं की हिची खरी सरासरी आठशेच असती, तर नशिबाच्या फेऱ्याने एवढा फरक पडला असता का? उत्तर सरळ होतं. पडला नसता. शंभर वेळा असे दोन आठवडे मोजले तरी एकदासुद्धा पडणं कठीण. आठशेचा दावा या बाईच्या बाबतीत टिकत नव्हता.

मी तसं वहिनीला सांगितलं.

"म्हंजे चोरते," वहिनी म्हणाली.

"म्हणजे तिची सरासरी आठशे नाही. का नाही, ते माझ्या हिशेबात येत नाही."

"तेच की वो, वन्सं. दुसरं काय असणार?"

खरं सांगायचं तर मलाही दुसरं काही सुचत नव्हतं, आणि हिशेब चोख झाल्याचं एक समाधानही होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाठोडी जमा होईपर्यंत गल्लीभर झालं होतं की रोह्याच्या मास्तरीणबाईंनी गणित करून चोर पकडला. वहिनीने सगळ्यांदेखत खाडीवालीला शेवटचं पीठ घातलं आणि म्हणाली, "उद्या गाठोडं आणशील ना गो, तेव्हा गटाचं पोळपाट-लाटणं पण घेऊन ये." बस एवढंच. खाडीवालीने पीठ झाकलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि निघून गेली.

बाकीच्या बायकांची गाठोडी मग एकामागून एक काट्यावर चढली, आणि तिथे मला पहिल्यांदा काहीतरी खटकलं. सातशे अठ्ठ्याण्णव. आठशे एक. आठशे. आठशे दोन. दोन आठवडे हे आकडे माझ्या डोळ्यांसमोरून जात होते, पण माझी नजर एकाच गाठोड्यावर. आता मात्र मी खुर्ची ओढून नीट बसले. इतक्या बायका, इतकी घरं, कोणाच्या अंगणात ऊन, कोणाच्या पत्र्यावर, कोणाचा हात जड, कोणाचा हलका, आणि सगळ्यांचं वजन आठशेला असं चिकटून?

हे मी आधी पाहिलेलं होतं. कॉलेजात प्रात्यक्षिकाला मुलांना शंभर शेंगा मोजायला सांगितल्या की निम्मी मुलं कँटीनमध्ये बसून मनाने आकडे लिहितात. ते ओळखायची खूण हीच. सरासरी अगदी बरोबर येते आणि आकडे एका जागी गोळा झालेले असतात. खऱ्या मोजणीत असं होत नाही, खऱ्यात पसारा असतो. इथे पसारा फक्त एकाच बाईच्या आकड्यांत होता.

भाऊ म्हणाला, हिशेब झाला ना, संध्याकाळच्या गाडीने रोह्याला जा. मी म्हटलं, नाही जात. मला त्या बाईची दया आली होती असं नाही. मला इतर बायकांचा संशय आला होता.

दुपारी जेवण करून मी खाडीच्या वाटेने गेले. खाडीवाली दाराशी सावलीत बसून लाटत होती. समोर खाटेवर धोतर अंथरून पापड वाळत घातलेले. मला बघून तिने लाटणं थांबवलं नाही.

"घरी पण वजन करायला आलीस?"

"बसायला आले."

"बस मंग. पाट हाय तिथं."

मी बसले. उडदाच्या पिठाची लांब वळी करून ती दोऱ्याने लाट्या कापत होती. लाटी म्हणजे सुपारीएवढा कच्चा गोळा. पापड लाटताना दारात कोणी आला की त्याला लाटी तेलात बुडवून हातावर ठेवायची, ही आमच्याकडची रीत. नाही म्हणायचं नसतं. नाही म्हटलं तर पापड तळताना लाल पडतात, असं माझी आई सांगायची, आणि आई गेल्यावरही माझ्याच्याने कोणाला नाही म्हणवत नाही. मी बसले तेवढ्यात मिठागरावरून परतणारे दोघे बाप्ये पाणी प्यायला थांबले. दोघांना लाटी. शेजारची बाई मुलीला कडेवर घेऊन आली. दोघींना लाटी. डोक्यावर मासळीची टोपली घेतलेली म्हातारी मावरं विकून परत चालली होती, तिला हाक मारून लाटी. मी मोजायला सुरुवात केली होती, पण मग एक लाटी माझ्याच हातावर आली, आणि खाता खाता मोजणं राहून गेलं.

"रोज एवढे जण येतात?"

"वाट हाय ही. येणारच."

"मग वहिनीला सांगितलं का नाहीस, की पीठ असं जातं म्हणून?"

तिने पापड खाटेवर टाकला. "काय सांगायचा? सगळ्यांकडं खातात. तुझ्या वहिनीकडं नाय खात?"

"खातात. पण मग त्यांचं आठशे कसं भरतं?"

"ते त्यांना विचार," ती म्हणाली. "मी कोणाच्या चुलीत डोकावत नाय. मला सांग, मला चोर कोणी ठरवलं? तू का वहिनीनं?"

"मी चोर म्हटलेलं नाही."

"नाय म्हटलंस. पण कागद तुझाच ना?"

मला राग आला. कागद माझा असला तरी त्यात चोर हा शब्द नव्हता, हे मला ठासून सांगायचं होतं. पण ते तिथे, तिच्या दाराशी, तोंडात तिचीच लाटी असताना बोलणं बरं दिसलं नसतं. मी उठले. निघताना खाटेवरच्या पापडाला हात लावला. ऊन चांगलं लागलेलं, कडा कडक झालेल्या. सूर्य कलला तरी पुरते वाळल्याशिवाय ती ते उचलणार नव्हती हे तिने न सांगता कळत होतं.

परत आल्यावर मी सरळ वहिनीच्या माडीवर गेले. तिथे पत्र्याच्या डब्यांत सकाळची गाठोडी ओतलेली होती. एका डब्यातला पापड काढून वाकवला. वाळलेला पापड वाकत नाही, मोडतो. हा वाकला. दुसऱ्या डब्यातला काढला, तोही वाकला. तिसऱ्यातला तर बोटालाही मऊ लागत होता. खाडीवालीचं गाठोडं वहिनीने वेगळं ठेवलं होतं, दाखवायला म्हणून. त्यातला पापड कट्कन मोडला.

मग मला सगळं कळलं, आणि कळल्याचा आनंद अजिबात झाला नाही. लाट्या सगळ्यांच्याच घरी खाल्ल्या जात होत्या. पीठ सगळ्यांचंच कमी पडत होतं. फक्त बाकीच्या बायका पापड अर्धवट ओले असतानाच उचलत होत्या, आणि लाट्यांचं गेलेलं वजन पाण्याने भरून काढत होत्या. काट्याला पीठ काय आणि पाणी काय, दोन्ही सारखंच.

वहिनी खाली तांदूळ निवडत होती. मी वाकलेला पापड तिच्या सुपात टाकला.

"हे कधीपासून?"

तिने पापडाकडे बघितलं आणि सूप बाजूला ठेवलं. तिला आश्चर्य वाटलेलं नाही हे मी तेवढ्यात टिपलं.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"हळू बोला, वन्सं."

"तुला माहीत होतं, वहिनी."

"मीच सांगितलं सगळ्यांना," ती म्हणाली. "चार वाजले की उचला म्हणून. काय करू? व्यापाऱ्याला आठशे सांगून बसले होते. खाली आलं तर तो म्हणणार, तुमच्या बायका पीठ खातात."

"आणि आठशे हा आकडा आला कुठून?"

तो आला होता समाजमंदिरातून. गट सुरू झाला तेव्हा व्यापारी स्वतः आला होता. समाजमंदिराचं दार लावून, डोक्याला फडकी बांधून बायकांना लाटायला बसवलं, गच्चीवर कडक उन्हात वाळवलं, आणि वजन केलं. आठशे भरलं. "त्याच्यासमोर लाटी कोण खाणार?" वहिनी म्हणाली. म्हणजे नमुना घेतला तो अशा पापडांचा, जे आमच्या गावात कोणी लाटतच नाही. आमच्याकडे पापड दार उघडं ठेवून लाटतात. व्यापाऱ्याला ते माहीत नव्हतं, वहिनीला होतं, तरीही तिने तो आकडा अंगावर घेतला.

"खाडीवालीला सांगितलं नव्हतंस, चारला उचल म्हणून?"

"सांगितलं की. ती म्हणाली, ओले पापड मी देणार नाय, बुरशी धरेल. तिचं तेच धरून बसली."

"मग मला कशाला बोलावलंस? तिचं कमी का भरतं हे तुला ठाऊक होतं."

वहिनीने सूप परत मांडीवर ओढलं. मग म्हणाली, "बाकीच्या बोलायला लागल्या होत्या. तिला कमी चालतं तर आमी का धडपडायचं म्हणून. एकीचं चालवून घेतलं की सगळ्यांचंच चालवावं लागतं. तुमी हिशेबाने सांगितलं असतं तर माझ्यावर आलं नसतं."

मला राग आला, वहिनीचा आणि माझाही. मी गॅसवाल्याला, दूधवाल्याला, काट्याला, सगळ्यांना तपासून घेतलं, आणि जिने मला बोलावून आणलं तिला फक्त एका सकाळी पीठ घालताना तपासलं. माहेर म्हणून सोडून दिलं. वहिनीच्या हातचं जेवत होते, तिच्याच घरी झोपत होते, आणि तिच्या सोयीचा प्रश्न तिच्या सोयीने सोडवून देत होते.

"उद्या सकाळी सगळी गाठोडी माडीच्या गच्चीवर उन्हात घालायची," मी म्हटलं. "संध्याकाळी परत वजन. नाहीतर मी प्रत्येकीच्या घरी जाऊन सांगते."

"माझी अब्रू जाईल, वन्सं."

"आत्ता कोणाची चाललीय ते बघ."

ती रडली. मीही थोडी रडले असेन, पण ते रागाने. भावाने मधे पडून विचारलं तेव्हा दोघींनी त्याला मूर्तींकडे पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीने स्वतःच बायकांना सांगितलं की व्यापाऱ्याकडून बुरशीची तक्रार आलीय, सगळे पापड परत ऊन दाखवायचेत. ही थापही असेल, कोण जाणे, मी विचारलं नाही. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. कोणीच हरकत घेतली नाही, आणि तेवढ्यावरून मला कळलं की सगळ्यांना सगळं माहीत आहे. गच्चीवर धोतरं पसरली. प्रत्येकीचे पापड वेगळे, तिच्या तिच्या ओळीत. खाडीवाली शेवटी आली. काखेत गाठोडं, हातात पोळपाट-लाटणं.

"हे घे," ती वहिनीला म्हणाली.

"आज तुझे पण वाळत घाल," वहिनी तिच्याकडे न बघता म्हणाली.

"माझे वाळलेत."

"घाल गो. सगळ्यांचे घालतोय."

खाडीवालीने मान वाकडी करून गच्चीवरच्या त्या पांढऱ्या ओळी बघितल्या. मग आपलं गाठोडं सोडलं. पोळपाट मात्र तिने जिन्याच्या पायरीवरच ठेवलं, खाली.

दिवसभर पेणचं ऊन कसं असतं ते तिथे राहणाऱ्यांना सांगायला नको. बायका आळीपाळीने पापड परतत होत्या, गप्पा मारत होत्या, आणि मधेच गप्प होत होत्या. संध्याकाळी काटा गच्चीवरच आणला. एकेकीचं गाठोडं चढलं. सातशे पन्नास. सातशे सत्तर. सातशे चाळीस. सातशे पंच्याहत्तर. आकडे पसरले. एक म्हातारी आपला आकडा बघून हसायलाच लागली आणि म्हणाली, "माझ्याकडं बाप्ये लय येतात गो लाटी खायला." त्यावर सगळ्या हसल्या, आणि त्या हसण्यात सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं. रोज चार वाजता ओले पापड उचलायची चोरटी घाई आता नको होती.

खाडीवालीचं गाठोडं सगळ्यांत शेवटी. दिवसभर ऊन खाऊनही ते जवळपास जेवढं होतं तेवढंच भरलं.

वहिनीने तिथेच व्यापाऱ्याला फोन लावला. तो कुरकुरला, मग म्हणाला की बुरशी लागलेला माल परत घेण्यापेक्षा हे बरं, पापड वाळलेला असला की बास, नवी सरासरी ठरवा आणि कळवा. वहिनीने ते मोठ्याने सगळ्यांना सांगितलं. बायका आपापली गाठोडी ओतून पायऱ्या उतरायला लागल्या. कोणी खाडीवालीला काही म्हटलं नाही. म्हणणार तरी काय? तिच्या तोंडावर चोर असं कोणी म्हटलंच नव्हतं, मग ते मागे घेणार कसं? ती मात्र जिन्याच्या तोंडाशी उभी होती, आणि ती उभी असल्यामुळे कोणाला धड उतरता येत नव्हतं.

"ताई," ती मला म्हणाली. "सगळ्यांचं कमी भरलं ना?"

"हो."

"मंग माझं एकटीचं वजन का केलंस दोन आठवडे?"

"तुझं वेगळं येत होतं म्हणून."

"वेगळी ती खोटी, असं शिकवतेस पोरांना?"

शिकवत नाही, पण केलं तसंच होतं.

"तुझा कागद गावभर झालाय," ती म्हणाली. "आता हे पण सांग की. या समद्या हायेत तोवर."

बायका थांबल्या. वहिनीने काट्याची वायर गुंडाळायला घेतली. इतकी वर्षं मी वर्गात बजावत आले आहे की हिशेबाने कुठलाही दावा खरा ठरत नाही. फार तर एवढंच म्हणता येतं की तो खोटा ठरवायला पुरेसा पुरावा मिळाला नाही. एखाद्या मुलाने उत्तरात 'सिद्ध झाले' असं लिहिलं की मी लाल शाईने खोडते. तोंडातून तेच निघालं.

"हिच्याविरुद्ध काही पुरावा मिळालेला नाही," मी म्हटलं.

खाडीवाली हलली नाही. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज होता तसाच होता.

"तसं नको," ती म्हणाली. "नीट सांग."

तिच्या घरात काय चालतं ते मी एका दुपारपुरतं बघितलं होतं. त्यावरून काही ठामपणे म्हणायचा मला अधिकार नव्हता, आणि माझ्या वर्गात मी ते म्हणूही दिलं नसतं.

"तिने पीठ चोरलेलं नाही," मी म्हटलं. "कधीच चोरलेलं नाही."

खाडीवालीने पदराने तोंड पुसलं, वाकून पायरीवरचं पोळपाट-लाटणं उचललं आणि ते काखेत मारून घरी घेऊन गेली.